न वाजणारा जोड

चौथाही जोड वाजला नाही.

भावकीतले वडीलधारे आण्णाप्पातात्या अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले, वळले आणि परत आले. सगळं घर श्वास धरून त्यांच्या पायांकडं बघत होतं. तात्यांनी मुद्दाम टाच आपटून पाहिली. धूळ उडाली, आवाज आला नाही.

"न्हाय बा," तात्या म्हणाले. "मांजर चालल्यावानी चालतोय मी."

भरमू अंगणाच्या कडेच्या दुकानात दगडाशी बसला होता. ज्या दगडावर त्याचे वडील सत्याप्पा चामडं ठोकायचे, तोच हा दगड. त्याच्या डाव्या अंगाला भरमूची जागा होती आणि तीस वर्षं तो तिथंच बसला होता. आता आप्पा गेले, दगड मोकळा झाला, तरी अकरा दिवसांत भरमूला उजवीकडं सरकावंसं वाटलं नव्हतं.

उद्या बारावा. घराण्याची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या मापाचा चपलांचा जोड थोरल्या मुलानं स्वतःच्या हातानं करायचा. भावकीतल्या वडीलधाऱ्यानं तो पायात घालायचा आणि उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत वाजवत जायचं. करकर, करकर. तो आवाज ऐकला की गेलेला माणूस समजतो, घर आपल्यामागं नीट चाललंय, आणि मग तो मुकाट्यानं पुढच्या वाटेला लागतो. जोड वाजला नाही तर तो घराभोवती घुटमळत राहतो. ही झाली भावकीची समजूत. भरमूची भीती याहून साधी होती. उद्या तीस-चाळीस माणसांसमोर जोड मुका निघाला, तर आप्पांच्या शेजारी जन्म काढून तो काहीच शिकला नाही, हे सगळ्या निपाणीला कळणार होतं.

"परवाचा दुसरा जोड वाजला हुता की," तानीबाई म्हणाल्या. आईचं मन.

"तो तात्यांचा गुडघा होता, आई," धाकटा नागेंद्र म्हणाला.

हे खरं होतं. दुसरा जोड घालून तात्या वळले तेव्हा कर्रकन आवाज आला होता. तानीबाईंनी डोळ्याला पदर लावला, नागेंद्रनं व्हिडिओ काढला. मग तात्यांनी जोड काढून ठेवला आणि अनवाणी वळले, तेव्हाही तसाच आवाज आला.

आवाजासाठी तळाच्या दोन थरांमध्ये बी घालतात, एवढं भरमूला माहीत होतं. जुने फाटके जोड उसवले की आत नुसता भुगा निघायचा. बी कुठलं, ते काही कळायचं नाही. पहिल्या जोडात त्यानं चिंचोके घातले, दुसऱ्यात बाभळीच्या बिया, तिसऱ्यात करंज आणि चौथ्यात सीताफळ. बियांची पाळी यायची, नेमके तेव्हाच आप्पा म्हणायचे, "भरमू, जा, चहा सांगून ये. थांबूनच आण." भरमू किटली घेऊन स्टँडसमोर गुंडूच्या टपरीवर जायचा. परत येईपर्यंत जोड शिवून झालेला असायचा. तीस वर्षं रोज दोन वेळा. भरमूला पाहायला आलेले मुलींचे बाप विचारायचे, "कारागीर हाय काय?" तेव्हा आप्पा म्हणायचे, "अजून शिकतोय." भरमू तेव्हा पंचविशीचा होता. पुढं अडतिशीतही आप्पांनी हेच उत्तर दिलं आणि मग कुणी विचारायचं थांबलं.

"काका," नागेंद्रची मुलगी रचना म्हणाली. ती बेळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मघापासून काहीतरी गिळून बसली होती. "मला एक सांगायचंय. आज्जानं हे ग्रुपमध्ये सांगितलंय, असं तोच मला म्हणाला होता."

"कसल्या ग्रुपात?"

"चामड्याच्या. हातशिलाई परिवार म्हणून ग्रुप आहे. तेवीस हजार लोक आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज्जा आमच्याकडं होता ना, तेव्हा मीच त्याला जॉइन करून दिलं. मग तो रोज तिथं असायचा. लोक त्याला प्रश्न विचारायचे."

सत्याप्पा घरात दिवसाला साधारण नऊ शब्द बोलायचे. त्यातले सहा चहाचे.

"तेवीस हजार?" तात्यांनी विचारलं. "सगळे आपल्यातले?"

"नाही तात्या. डॉक्टर, सॉफ्टवेअरवाले, निवृत्त कर्नल. हौस म्हणून पाकिटं शिवतात."

"हौस म्हणून," तात्या म्हणाले, आणि गुडघ्याकडं बघत बसले.

"मग बघ की त्यात," नागेंद्र मुलीला म्हणाला. तो बेळगावला पाटबंधारे खात्यात कारकून होता. अठराव्या वर्षी घर सोडून गेलेला, चामड्याला हात न लावलेला, आणि म्हणून घरात सगळ्यात जास्त मान असलेला.

"मी नाही त्या ग्रुपात. मला फोटोतूनपण वास येतो. सगळं आज्जाच्या फोनमध्ये आहे. फोन कुठंय त्याचा?"

तानीबाईंनी हळूच विचारलं, "बंडीच्या खिशात हुता न्हवं?"

बंडी आप्पांच्या अंगावर होती. आप्पा अंगावरच्या बंडीसकट गेले होते, पायातल्या जोडासकट. सरणावर कवटी फुटल्याचा आवाज दोनदा झाला, तेव्हा तात्यांनी सगळ्यांना समजावलं होतं, मोठ्या माणसाची दोनदा फुटते. दोन माणसांनी तिथंच पुन्हा नमस्कार केला होता.

"म्हंजे त्यातली एक..." तात्या म्हणाले.

"होय," नागेंद्र म्हणाला.

मग भरमूच्या फोनवरून ग्रुपात शिरायचं ठरलं. शिरायला अर्ज होता. चामड्याचं काम किती वर्षं करता? भरमूनं सांगितलं, तीस. इंचाला टाके किती? भरमू म्हणाला, "मोजलं न्हाईत कधी. बसतील तेवढं." रचनानं तसंच लिहिलं. तिसऱ्या प्रश्नाला कामाच्या जागेचा फोटो हवा होता. भरमू दगडाशी नीट बसला, हातात चामडं कापायची रापी धरली, सदरा सारखा केला. पन्नाशीत पहिल्यांदा कुणीतरी त्याचा काम करताना फोटो काढत होतं. त्याला उगाच बरं वाटलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. रचनानं मोठ्यानं वाचलं. "आपला अर्ज नामंजूर. कारण, कामाचं टेबल दिसत नाही. फोटोत एक मनुष्य जमिनीवर बसलेला आहे."

"मग कुठं बसायचं?" भरमूनं विचारलं.

"थांबा काका, परत करू. आज्जाचं नाव घालू." तिनं लिहिलं, अर्जदार हा सत्याप्पांचा थोरला मुलगा असून निपाणीत चपला बनवतो.

या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत. रचना वाचू लागली आणि मध्येच थांबली. नागेंद्रनं फोन घेतला, मनात वाचला आणि भरमूकडं न बघता खाली ठेवला.

"वाच की," भरमू म्हणाला.

"राहू दे, अण्णा."

"वाच म्हणतो न्हवं."

नागेंद्रनं सरकारी कागद वाचावा तसं वाचलं. "दिवंगत सत्याप्पाजींच्या नावाचा गैरफायदा घेण्याचा हा प्रकार अत्यंत खेदजनक आहे. त्यांचे थोरले चिरंजीव हुबळीला रेल्वेत नोकरीस आहेत, हे परिवारात सर्वांना ठाऊक आहे. ते चामड्याचं काम करत नाहीत. आपल्यावर कायमची बंदी घालण्यात येत आहे."

अशा रीतीनं भरमूला, जिथं त्याला अजून घेतलंच नव्हतं, तिथून काढून टाकण्यात आलं.

रेल्वे ऐकून भरमूच्या डोळ्यासमोर एक खाकी पाकीट आलं. बाविसाव्या वर्षी हुबळीहून त्याला रेल्वेच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. त्या आठवड्यात आप्पांना ताप होता आणि कुंडीत चामडं भिजत घातलेलं होतं. तो गेला नाही. पाकीट त्यानं आप्पांना दाखवलं तेव्हा ते नुसतं बघत राहिले. भरमूला वाटलं होतं, खूश झाले.

ग्रुपचा प्रमुख बेळगावातलाच निघाला. टिळकवाडीतला दातांचा डॉक्टर, सुहास. नागेंद्रनं त्याचा नंबर काढून फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हे बघा," पलीकडून खचलेला आवाज आला, "पेपरात बातमी आल्यापासून आम्ही सगळे दुःखात आहोत. तेवीस हजार लोकांनी आपल्या फोटोच्या जागी काळ्या चामड्याचा तुकडा लावलाय. आणि तुम्ही असले फोन करता."

"अहो डॉक्टर, मी त्यांचा धाकटा मुलगा. थोरला हा इथं बसलाय. खराखुरा."

"असं? मग त्यांना एकच विचारतो. सत्याप्पाजींच्या चपलेचा आवाज कशानं येतो?"

भरमू फोनकडं वाकला. "ते इचारायलाच तर फोन केलाय, साहेब."

"खऱ्या मुलाला माहीत असतं," डॉक्टर म्हणाले.

भरमूचंही तेच म्हणणं होतं.

तानीबाई उठल्या. त्यांनी नागेंद्रच्या हातातून फोन घेतला आणि आरशासारखा तोंडासमोर धरला. "तूच व्हय रं त्यो सुहास? दोन सुया समोरासमोर कशा घालायच्या ते तीन महिनं कळत नव्हतं तुला? आन् बायकोच्या पर्सचा पट्टा उलटा शिवलावतास?"

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "आज्जी?"

"व्हय."

"आज्जी, तुमच्याबद्दल ते नेहमी सांगायचे. तुमच्यासारखी चामड्याची वेणी अख्ख्या जिल्ह्यात कुणी घालत नाही म्हणायचे."

"माझ्या म्होरं कधी म्हनले न्हाईत," तानीबाई म्हणाल्या. "बरं, ते आवाजाचं काय असंल ते पाठव बाळा. उद्या बारावा हाय."

फोन बंद झाला. भरमू आईकडं बघत होता. "तुला ठावं हुतं?"

"रोज जेवताना सांगायचे. ह्या डॉक्टरचं, त्या कर्नलचं. हसायचे लई."

"हसायचे? आप्पा?"

"तू गल्ल्याला कुलूप लावून येस्तवर," तानीबाई म्हणाल्या आणि वाती वळायला घेतल्या. नागेंद्रलाही ठाऊक असावं. तो एकदम उठून तात्यांच्या शेजारी जाऊन बसला, जशी काही मतं मोजायची वेळ आली होती. भरमूच्या बाजूला फक्त दगड उरला.

डॉक्टरांनी एका रविवारच्या बैठकीचं रेकॉर्डिंग पाठवलं. रविवारी सगळे फोनवर जमायचे आणि सत्याप्पांना शंका विचारायचे. रचनानं फोन दगडावर ठेवला आणि बटण दाबलं.

"भरमू, जा, चहा सांगून ये. थांबूनच आण."

तानीबाईंच्या हातातली वात सुटली. आप्पांचाच आवाज, दुकानातलाच, मागं रस्त्यावरचे हॉर्न. पाठोपाठ किटलीचा खडखड आवाज आला आणि रबरी स्लिपरांचा फटफट आवाज लांब लांब गेला. भरमू स्वतःला जाताना ऐकत होता.

"हां. गेला. आता आयका," आप्पा म्हणाले, आणि घरात तीस वर्षांत बोलले नसतील एवढं सलग बोलले. "तुमी इचारलं, बी कंचं. कंचंबी घाला. चिंचोका घाला. बियात काय न्हाई. जोड शिवला की लगीच इकायचा न्हाई. म्हयनाभर सोताच्या पायात घालायचा आन् चालायचं. सकाळी वल्या मातीत, दुपारी तापल्या रस्त्यावर. आत बी भरडतंय, तळ तुमच्या चालीगत वाकतोय, आन् मग बोलाय लागतोय. चपलंचा न्हवं, चालीचा आवाज हाय त्यो. ह्यात गुपित काय न्हाई."

भरमूला आठवलं, नवा जोड आप्पा महिनाभर घालून फिरायचे. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस आहे.

"मग चोरून कशाला सांगता, सत्याप्पाजी?" डॉक्टरांचा आवाज हसत होता.

"गुपित हाय असं वाटलं की शिकणारा कटाळतोय. कटाळला की उठून जातोय. माझा थोरला तसाच गेला. हुबळीला हाय, रेल्वेत. त्याला शिकीवलं न्हाई मी. शिकला असता तर हितंच बसला असता."

"आणि आत्ता चहाला कोण गेलं?"

फोनमध्ये एक ट्रक हॉर्न देत लांब गेला.

"त्यो? त्यो कामाचा मानूस हाय," आप्पा म्हणाले. "लई वरसं हाय. बरं हाय का, उठतो आता."

आणि मग तो आवाज आला. करकर, करकर, करकर, दाराकडं, दाराबाहेर. रेकॉर्डिंग संपलं.

"कामाचा मानूस," भरमू म्हणाला. आवाज चढवून नव्हे. चव बघितल्यासारखा.

"तसं न्हाई रं ते," तानीबाई म्हणाल्या. "तुझी लाज न्हवती वाटत त्यास्नी. सोताची वाटत हुती. तू कधी उठतोस म्हनून वाट बघत हुते. पयली धा वरसं मला म्हनायचे, ह्या दिवाळीला जातंय बघ. मग म्हनायचं सोडलं."

"आन् मी कधी शिकीवत्यात म्हनून बसलो हुतो."

तात्यांनी या दोन वाक्यांवर बराच विचार केला. "दोघांचाबी दम लई," ते शेवटी म्हणाले.

"तोंडानं सांगितलं असतं त्यांनी, जा म्हणून," नागेंद्र म्हणाला.

"तुला सांगितलं हुतं?" भरमूनं विचारलं.

"नाही. मी विचारलंच नव्हतं, अण्णा. गेलो."

भरमूनं चौथा जोड हातात घेतला. उत्तम जोड होता. बाजूचे कान सरळ, वरची वेणी आईची, टाके एका मापाचे. फक्त एक महिना हवा होता आणि हातात एक रात्र होती. बाकी सगळं बरोबर होतं, पहिल्या जोडातले चिंचोकेसुद्धा.

तोडगा नागेंद्रनं काढला. सरकारी खात्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला नसलेली गोष्ट आहे असं दाखवायचं वळण असतं. "फोन तात्यांच्या खिशात ठेवायचा. शेवटचा तुकडा तेवढा लावायचा, चालण्याचा."

"मेलेल्या माणसाला फसवायचं?" तात्या उसळले.

"फसवायचं काय त्यात? आवाज त्यांचाच, चाल त्यांचीच."

तात्यांनी तानीबाईंकडं बघितलं. तानीबाईंनी भरमूकडं. भरमू जोडाच्या तळावरून अंगठा फिरवत होता.

"कंच्या खिशात?" तात्यांनी विचारलं.

सकाळी भावकी जमली. नैवेद्य दाखवून झाला. जोडावर हळदकुंकू वाहिलं. तीस-चाळीस माणसं गल्लीत दोन्ही अंगांनी उभी राहिली, आणि त्यातली निम्मी कारागीर, म्हणजे कान टवकारलेली. रचनानं रेकॉर्डिंग बरोबर त्या जागी आणून ठेवलं होतं आणि तात्यांना दहादा बजावलं होतं, एकदाच दाबायचं. तात्यांनी जोड पायात घातला, उंबऱ्यावर उभे राहिले आणि खिशात हात घालून दाबलं. काहीच झालं नाही असं वाटून त्यांनी परत दाबलं, आणि मग आणखी एकदा, मनापासून.

"भरमू, जा, चहा सांगून ये," तात्यांच्या खिशातून सत्याप्पा म्हणाले. "थांबूनच आण."

गल्ली गार पडली. कुणाच्या तरी हातातला तांब्या खाली पडला. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं जागच्या जागी जमिनीला डोकं टेकलं.

भरमू उठला.

त्यानं ठरवलं नव्हतं. पायच उठले. खुंटीवरची किटली त्यानं काढली, रबरी स्लिपरा पायात सरकवल्या आणि माणसांच्या दोन रांगांमधून तो चालायला लागला. खरं तर या वाटेनं वाजत जायचं होतं. फटफट, फटफट. "तात्या, दाबू नका! काढा तो बाहेर!" रचना ओरडत होती. खिशातला आवाज मात्र शांतपणे पुढं सांगत होता, की बी कंचंबी घाला. कामाच्या माणसाचं वाक्य आता येणार, आणि त्यानंतर ती करकर, हे भरमूला कळत होतं. नेमका तो क्षण यायच्या आत तो नेहमीसारखा कोपऱ्यावरून वळला.

गुंडूनं त्याचं मुंडण केलेलं डोकं बघितलं, किटली घेतली. "आज बी? बारावा न्हवं आज?"

"व्हय."

"किती भरू?"

"नेहमीचं. थांबतोय मी."

तो बाकावर बसला. समोर स्टँडच्या फाटकातून एक लाल गाडी बाहेर येत होती. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "हुब्बळ्ळी, हुब्बळ्ळी, हुब्बळ्ळी!" गाडी भरमूच्या समोर येऊन थांबली, कारण मध्ये एक म्हैस होती. म्हशीला घाई नव्हती. कंडक्टरनं एकटा बसलेला माणूस बघितला आणि वरच्या दांडीला धरून वाकला.

"बर्तीरेनु, काका? येताय काय? जागा हाय बघा. खिडकीची."

भरमूनं पायरीकडं बघितलं. उघडी होती, दोन पावलांवर. तो उठून उभा राहिला. किटली शेगडीवर होती, हात दोन्ही मोकळे होते. म्हैस अजून उभी होती. एवढ्या वेळात माणूस चढू शकला असता. एवढ्या वेळात दोन माणसं चढली असती.

"न्हाय," भरमू म्हणाला. "चहा न्यायचाय."